नवालच्या जागी इनास

माझ्या नवऱ्याला सगळं कैरो ओळखतं, आणि मला याचा भयंकर वैताग आहे. भाजीवाला टोमॅटो तोलता तोलता हात थांबवतो आणि म्हणतो, "अजून वेळ आहे!" दातांच्या डॉक्टरांनी माझी दाढ चिमट्यात धरली, तेव्हा तेही म्हणाले, "अजून वेळ आहे, मादाम!" मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. नाईल कुठे उगम पावते असं विचारलं की मागच्या बाकावरून कुणीतरी घोगऱ्या आवाजात तेच म्हणतं, आणि अख्खा वर्ग खिदळतो. हे वाक्य रऊफ गिंदीचं. 'किल्ली कुणाची?' या त्याच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात समोरचा माणूस उत्तर देतो, रऊफ त्याच्याकडे टक लावून बघत राहतो आणि मग हे एवढंच म्हणतो. बिचाऱ्याला घाम फुटतो, तो बरोबर उत्तर बदलून चुकीचं देतो आणि हातातोंडाशी आलेला फ्रिज जातो. अर्धा देश मांडीवर ताट घेऊन हे बघत असतो.

एवढ्यावर माणसाने समाधान मानावं की नाही? रऊफला नट व्हायचं होतं. तरुणपणी अभिनयाच्या संस्थेने त्याला दारातूनच परत पाठवलं होतं, आणि ते शल्य काही केल्या जात नव्हतं. म्हणून वर्षा-दोन वर्षांतून एकदा कुणीतरी त्याला एखाद्या सिनेमात नाहीतर मालिकेत बोलवायचं आणि आमच्या घरात लगीनघाई उडायची.

पहिल्या सिनेमात तो चहाच्या दुकानातल्या टीव्हीवर होता. नायक आत येतो, चप्पल फेकून टीव्ही बंद करतो. झालं, एवढंच काम. त्यासाठी त्याने माझ्या माहेरच्या यच्चयावत माणसांना थिएटरात नेऊन बसवलं. नंतर एका लग्नाच्या प्रसंगात त्याच्या तोंडावर केक बसला. आणि मग आला तो तुरुंगातला डॉक्टर. त्यात त्याला एक वाक्य होतं, "हा गेला." रऊफने मृताच्या छातीवर कान ठेवला, मान वर केली, आणि त्याने तोंड उघडायच्या आत सगळं थिएटर ओरडलं, "अजून वेळ आहे!" पडद्यावर बायको मेलेल्या नवऱ्याला मिठी मारून रडतेय आणि खाली लोक पोट धरधरून हसतायत.

प्रत्येक वेळी घरी येताना गाडीत तो विचारायचा, "कसं झालं?" आणि मी सांगायचे. मला खोटं बोलता येत नाही. पोरींच्या वह्या तपासून तपासून हाताला लाल पेनाची सवय लागलीय. मी म्हणायचे, "रऊफ, तू मेलेल्या माणसाकडेसुद्धा बक्षीस देणाऱ्यासारखा बघत होतास." तो गाडीचा वेग वाढवायचा. माझ्यापरीने मी त्याला मदतच करत होते.

या वर्षी रमजानच्या महिन्यात रोज रात्री लागणाऱ्या मालिकेत त्याला खरंखुरं काम मिळालं. टीव्हीवाल्याचं नाही, सरळ माणसाचं. कस्टममधला गलाल नावाचा अधिकारी, आणि त्याची बायको नवाल. गलाल तिला तलाक देतो आणि घराबाहेर पडतो. प्रसंग छोटा, पण पुढची सगळी मालिका त्यावर उभी. दिग्दर्शिका नेर्मीन हिने त्याला बजावलं होतं, "उस्ताद, तो टीव्हीवरचा चेहरा घरी ठेवून या. नाहीतर मी प्रसंग कापून टाकीन."

चेहरा घरी ठेवून यायचा, म्हणजे माझ्याच गळ्यात की! रोज दुपारी शाळेतून येऊन मी द्राक्षाच्या पानांत भात भरायला बसले की हा संवादाचे कागद घेऊन हजर. नवालचे संवाद मी वाचायचे, बोटांचा भात कागदाला लागायचा. स्वयंपाकघरातला नळ महिनाभर ठिबकतोय, तो बघायला याला सवड नाही. पण गलालने कोणत्या पायाने आत यावं, यावर तासभर चर्चा.

"नवाल, तुला तलाक!" तो म्हणायचा.

"परत."

"नवाल... तुला... तलाक."

"रऊफ, तू तिला तलाक देतोयस, फ्रिज नाही. दात झाक!"

"मी कुठे दात दाखवतोय?"

"मग हे काय चमकतंय?"

पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्या का चौथ्या दिवशी माझे हातच टेकले. मी म्हटलं, "तुला जमणार नाही रे. नाही म्हणून सांग त्या बाईला, अब्रू तरी राहील." तो बाल्कनीत गेला. सिगारेट ओढून परत आला तेव्हा हातात कागद नव्हता. ओट्याला टेकून उभा राहिला. माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू, कुणाला वेळ सांगावी तसं, म्हणाला, "इनास, तुला तलाक."

माझ्या अंगावर काटा आला. मी भाताचा हात तसाच वर धरून ओरडले, "हेच! अरे, हेच! हेच तर मी इतके दिवस सांगतेय!"

तेवढ्यात दारात धाडकन आवाज झाला. माझी आई, हाज्जा तौहीदा, वडील गेल्यापासून आमच्याकडेच असते. चहाचा ट्रे तिच्या हातून पडला होता.

"तो तुला नावाने म्हणाला," आई म्हणाली.

"अगं, तालीम चाललीय!"

"नवाल म्हणाला असता तर तालीम. इनास म्हणाला. इथे इनास कोण आहे? मी नाही, आणि ती मांजर पण नाही."

"हाज्जा, चुकून आलं तोंडात," रऊफ म्हणाला.

"लग्न आणि तलाक यांत थट्टा चालत नाही, बाबा. थट्टेत म्हटलं तरी खरंच धरतात. हे शेंबड्या पोराला कळतं आणि टीव्हीवर देशाला शहाणपण शिकवणाऱ्याला कळत नाही!" असं म्हणून तिने स्वतःच्या डोक्यावरची ओढणी काढून माझ्या डोक्यावर टाकली. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच नवऱ्यासमोर, तो परका पुरुष असल्यासारखी, भातात बरबटलेले हात घेऊन मी डोकं झाकून बसले होते. हसावं की रडावं कळेना.

त्यानंतरचे दोन दिवस आईने घरात सीमेवरच्या चौकीसारखा पहारा बसवला. रऊफची उशी दिवाणखान्यातल्या सोफ्यावर गेली. मीठ हवं असलं तरी ते आईमार्फत. "तिला विचारा, माझे मोजे कुठेत." "त्याला सांग, जिथे फेकलेस तिथे." शेवटी मीच म्हटलं, आता मशिदीतल्या शेख मुतवल्लींना बोलवा आणि हा तमाशा संपवा.

पण वरवर मी कितीही चिडचिड करत असले तरी आत एक गोष्ट टोचत होती आणि ती आईला सांगण्यासारखी नव्हती. मशिदीचा निकाल काय लागतो याची मला फिकीर नव्हती. तो आवाज त्याने आणला कुठून? इतक्या वर्षांत या माणसाला एक वाक्य खरं म्हणता आलं नाही, आणि हेच कसं आलं? मला रऊफ हवा होता. वैतागत, कुरकुरत, त्याच्या मोज्यांसकट हवा होता. त्यालाही मी हवी आहे, हे मी कधी विचारून बघितलं नव्हतं, कारण त्यात विचारण्यासारखं काही असेल असं वाटलंच नव्हतं.

शेख मुतवल्ली दुपारच्या नमाजानंतर आले. आमच्या गल्लीच्या मशिदीतले, गोल चेहऱ्याचे, शांत गृहस्थ. चहात चार चमचे साखर घातली आणि पहिला प्रश्न रऊफला विचारला, "परवा तुमच्या कार्यक्रमात आलेले ते तांता गावचे मास्तर खरंच हरले, की तुम्ही त्यांना गोंधळवलंत?"

"मौलाना," मी म्हटलं, "इथे माझा संसार लटकलाय."

"हो हो, मुली." त्यांनी कप खाली ठेवला. "हे बघ, दुसऱ्याचे शब्द जो नुसते म्हणून दाखवतो, त्याचा तलाक होत नाही. मी वर्गात तलाकचं प्रकरण शिकवतो, ते शब्द दहादा म्हणतो. म्हणून काय घरी माझी बायको सामान बांधते?"

"पण नाव!" आई मध्येच म्हणाली. "नाव तिचं घेतलं ना त्याने!"

"नावाचा प्रश्न आहे खरा. कागदावर नवाल होतं, म्हणजे इनास हा शब्द तुमचा स्वतःचा. तेव्हा उस्ताद रऊफ, हे फक्त तुम्हीच सांगू शकता. त्या क्षणी तुमच्या मनात काय होतं?"

"नेर्मीन मॅडम म्हणाल्या होत्या की कुणीतरी खरी बाई डोळ्यांसमोर आणा—"

"त्या मॅडम काय म्हणाल्या ते मी विचारलं नाही."

रऊफने चमचा उचलून चहा उगाच ढवळला. मला तेवढ्या वेळात आईच्या श्वासाची घरघरसुद्धा ऐकू आली. मग तो म्हणाला, "अभिनय होता, मौलाना. बाकी काही नाही."

"मग काहीच झालेलं नाही," शेख म्हणाले. "बायको तुमची आहे. चहा गार झाला, दुसरा सांगा."

आईने आनंदाने असा लांबलचक झग्रूदा काढला, जीभ नाचवत, की वरच्या मजल्यावरची बाई आमच्याकडे कुणाचं लग्न ठरलं म्हणून विचारायला आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी मी स्वतःहून नळाखाली बादली लावली आणि रऊफला आवडतो तसा लिंबू पिळलेला भात केला. पण जेवताना मी त्याला विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

चित्रीकरणाच्या दिवशी तो म्हणाला, "तू चल. तू असलीस की बरं वाटतं." हे ऐकून मी इतकी खूश झाले की शाळेत रजा टाकली. आई पण निघाली. म्हणे, तलाकचा शब्द कुठे, कसा पडतो ते मला डोळ्यांनी बघू दे. हरम रस्त्यावरच्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट भाड्याने घेतला होता. रमजान तोंडावर आलेला, त्यामुळे सगळेच धावपळीत आणि सगळ्यांचाच पारा चढलेला. आम्हा दोघींना कॅमेऱ्यामागे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या आणि हलू नका म्हणाले.

नवालचं काम करणारी मुलगी फार छान होती. डोळे भरून तयार उभी. रऊफ आत आला.

"नवाल, तुला तलाक."

फ्रिज.

"कट," नेर्मीन म्हणाली. "उस्ताद, जरा आतून."

"नवाल! तुला तलाक."

वॉशिंग मशीन. मागे उभ्या असलेल्या एका कामगाराने दुसऱ्याला कोपराने ढोसलं आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला. काय पुटपुटला ते मला ऐकायची गरज नव्हती. किती वेळा केलं याला गणती नाही. त्या मुलीचे अश्रू सुकून गेले, पुन्हा औषध घालून आणावे लागले. नेर्मीन डोकं धरून बसली. मी आईला हळूच म्हटलं, "बघ, याला म्हणतात अभिनय. उगाच तू घर डोक्यावर घेतलंस." आई खुदकन हसली. मलाही एकदम हलकं वाटलं. इतका वाईट नट खोटं काय बोलणार, असंच मी तेव्हा स्वतःला समजावत होते.

"उस्ताद," नेर्मीन म्हणाली, "तुम्ही फोनवर म्हणालात की घरी जमलंय. घरी काय केलं होतंत?"

रऊफने माझ्याकडे बघितलं. मग तिच्या कानाशी काहीतरी बोलला. तिने खांदे उडवले आणि म्हणाली, "मला काय, आवाज नंतर बदलता येईल." आणि तो माझ्यापाशी येऊन गुडघ्यावर बसला. कॉलरमध्ये रंग लागू नये म्हणून कागद खोचलेले, चेहऱ्यावर घाम.

"इनास, एकच गोष्ट कर. तू नवालच्या जागी उभी राहा, कॅमेऱ्याच्या शेजारी. मी तुझं नाव घेतो. नंतर ते नवाल करतील."

"शुद्धीवर आहेस का तू?" आई म्हणाली.

"हाज्जा, मौलानांनीच सांगितलं ना, अभिनयात होत नाही! त्यांनी मनातलं काय ते विचारलं होतं."

"मग तेच मी विचारते," मी म्हटलं. "म्हणताना तुझ्या मनात काय असेल?"

"जे त्या दिवशी होतं तेच," तो म्हणाला. "तेच तर पाहिजे!"

"काय होतं त्या दिवशी?"

त्याने इकडेतिकडे बघितलं नाही की आवाज खाली आणला नाही. एखाद्या नवशिक्याला धंद्यातली युक्ती सांगावी तसा उत्साहाने सांगू लागला. "मी बाल्कनीत उभा होतो ना, तेव्हा मनात आलं, ही बाई त्या स्वयंपाकघरात नसती तर? मी केलेलं प्रत्येक काम कसं खोटं आहे ते घरी येताना सांगणारं कुणीच नसतं तर? आणि इनास, मला इतकं हलकं वाटलं! खांद्यावरून पोतं उतरावं तसं. शब्द आपोआप बाहेर आला. ते फक्त वापरायचंय गं, दुसरं काही नाही. पाच मिनिटांचं काम."

आपण काय बोलून बसलोय हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याच्या डोळ्यांत फक्त तो प्रसंग होता. मला मारे वाटत होतं, मी त्याला सुधारतेय. आणि याच्या खांद्यावर मी पोतं होते. राग आला, फार आला. त्याचा आणि माझाही. पण तो माणूस माझ्याशी एवढं खरं आजवर कधी बोलला नव्हता, आणि यावर लाल पेन चालवण्यासारखं काहीच नव्हतं.

"चल," मी म्हटलं. आणि कॅमेऱ्याशेजारी जाऊन उभी राहिले.

रऊफ आत आला. दरवाजा लावला. माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "इनास, तुला तलाक."

दिवे धरणारा माणूससुद्धा हलला नाही. मग नेर्मीन उठून उभी राहिली, टाळ्या वाजवायला लागली, आणि सगळा फ्लॅट टाळ्या वाजवायला लागला. मघाशी कोपर मारणाराही. रऊफचा चेहरा लहान पोरासारखा फुलला. "सुंदर, उस्ताद! सुंदर! आता कॅमेरा जवळ घेऊन आणखी एकदा."

"लगेच," रऊफ म्हणाला. कॅमेरा पुढे सरकवला. तो परत दारातून आला आणि म्हणाला. पहिल्यापेक्षाही चांगलं म्हणाला.

"अप्रतिम! आता एक जादाचा घेऊन ठेवू, लागला तर असू दे."

आईने येऊन माझं मनगट धरलं. "नीघ इथून," ती कुजबुजली. "इनास, चल बाहेर. घरातलं तर शेखनी मोडीत काढलं, पण इथे दोनदा झालं. पहिल्या दोन वेळांनंतर नवरा बायकोला परत घेऊ शकतो. तिसऱ्यानंतर काही उरत नाही. तो गाढव आहे, त्याला कळत नाहीये. शेखना मी सांभाळते, पायऱ्या उतरून चल, मी म्हणेन तुला चक्कर आली."

"मला चक्कर आलेली नाही, आई."

"अगं, तिसरं आहे!"

"मला मोजता येतं. तू बस."

ती बसली नाही. ओढणीचं टोक तोंडात कोंबून माझ्या मागे उभी राहिली. मी हात बाजूला सोडले, मान वर केली. रऊफ दारातून आला, माझ्याकडे बघितलं, आणि तिसऱ्यांदाही एका अक्षराची चूक केली नाही.

नेर्मीनने त्याला मिठी मारली. कुणीतरी सरबताचे ग्लास आणले. नवालचं काम करणारी मुलगी म्हणाली, "उस्ताद, मला खरंच रडू आलं." तो सगळ्यांचे हात हातात घेत, मान लववत, लोकांतून वाट काढत माझ्यापर्यंत आला. धाप लागली होती, डोळे चमकत होते. त्याला इतकं सुखी मी आमच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

"बघितलंस, इनास?" तो म्हणाला. "तिन्ही वेळा जमलं!"

"हो," मी म्हटलं, "तिन्ही वेळा जमलं." मग आईची पिशवी उचलली, तिच्या काखेत हात घातला आणि आम्ही दोघी टॅक्सी बघायला खाली उतरलो.